किटली वाजवून घेताना

"ही नको नेऊस," कुंभारवाड्यातल्या मावशी म्हणाल्या आणि माझ्या हातातली किटली त्यांनी काढून घेतली.

मला ती आवडली होती. विटकरी रंग, गोल पोट, चार बोटं नीट मावतील असा कान. मावशींनी तिचं झाकण बाजूला ठेवलं, किटली डाव्या तळहातावर तोलली आणि उजव्या हाताचं बोट दुमडून तिच्या पोटावर टकटक केलं. "ऐक." मग शेजारची दुसरी उचलली. "आता ही ऐक."

दुसरी खणखणीत वाजली. आवाज जरा वेळ हवेत राहिला. पहिली मात्र बद्द. गोधडीत तोंड खुपसून कुणी बोलावं तशी.

"चीर आहे कुठंतरी," मावशी म्हणाल्या. "दिसत नाही, पण आहे."

"मग विकायला कशाला ठेवलीत?"

"चहाला नाही ठेवली. झाड लावायला ठेवलीय. थोडं पाणी झिरपलेलं झाडाला बरंच असतं. ती चाळीसला देते, ही अडीचशेला."

मला हसू आलं आणि लगेच थांबलंही. वस्तूत खोट आहे हे विकणारीनेच सांगितलं, ती कशाला चालेल हेही सांगितलं आणि त्याप्रमाणे भाव लावला. सगळं दोन मिनिटांत. कुणी कुजबुजलं नाही, कुणाचा चेहरा पडला नाही. आमच्या घरात माझ्या बाबतीत हेच काम गेली चार वर्षं चालू आहे, आणि पहिलं वाक्य नेमकं कधी बोलायचं एवढंही आम्हाला अजून ठरवता आलेलं नाही.

मी अडीचशेवाली घेतली. पेपरात गुंडाळताना मावशी म्हणाल्या, "मी वाजवून दिलीय. तरी घरी जाऊन तू बघ."

* * *

पुण्यात वाढलेल्या बऱ्याच जणांना कुंभारवाडा वर्षातून दोनदा आठवतो. दिवाळीत पणत्यांसाठी आणि उन्हाळ्यात माठासाठी. कसबा ही पुण्याची सगळ्यात जुनी पेठ. तिच्या नदीकडच्या टोकाला, डेंगळे पुलाच्या अलीकडे, ही वस्ती आहे. कुंभारवेस हे नाव अजून टिकून आहे, वेस कधीच गेली. आता इथल्या दुकानांत माठांच्या शेजारी मातीचे तवे, कढया, पाण्याच्या बाटल्या असं काय काय मांडलेलं असतं. बराचसा माल बाहेरून ट्रकने येतो. भर पेठेत भट्टीचा धूर कुणाला चालणार? मुंढव्याच्या केशवनगरात कुंभारांची वस्ती आहे, तिकडे अजून चाकं फिरतात.

मी धायरीहून बसने स्वारगेटला आले आणि तिथून मेट्रोने कसबा पेठेत. स्कूटर असती तर हे बदलाबदलीचं झंझट झालं नसतं. पण मी स्कूटर चालवत नाही. पुण्यात २९ वर्षांच्या मुलीने असं सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "का गं?" या 'का'चं उत्तर मी माणूस बघून बदलते. ऑफिसात सांगते, ट्रॅफिकची भीती वाटते. नातेवाइकांना सांगते, मेट्रो आलीय ना आता.

खरं उत्तर असं की मला अपस्मार आहे. फिट्स. पहिली आली तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि शाळेची प्रार्थना चालू होती. तेव्हापासून सकाळी एक गोळी, रात्री एक गोळी. जागरण करायचं नाही, गोळी चुकवायची नाही. शेवटची फिट येऊन सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत मी नोकरी बदलली, ट्रेक केले, दोनदा एकटी हंपीला जाऊन आले. तरी हा शब्द घरात मोठ्याने उच्चारायचा नाही, असा आईचा नियम आहे. आमच्याकडे त्याला 'ते' म्हणतात. "ते आता येत नाही ना?" "त्याचं औषध घेतलंस ना?"

किटली हवी होती ती येत्या शनिवारसाठी. एक स्थळ घरी येणार होतं. मुलाशी मी महिनाभर फोनवर बोलत होते. दोनदा भेटलोही होतो, पेठेतल्या एका अमृततुल्यमध्ये, पितळी भांड्यासमोर उभं राहून. त्याला चहाचं वेड आहे. घरातल्या चिनी मातीच्या किटलीची तोटी मात्र माझ्या लहानपणापासून टवका उडालेली. म्हणून नवी घ्यायची ठरली. आणि मातीची, कारण कुल्हडातला चहा वेगळा लागतो असं तो एकदा बोलून गेला होता. एवढंच निमित्त.

त्याला मी अजून सांगितलेलं नव्हतं.

* * *

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्याने बनवलेली वस्तू लोकांच्या हातात पडण्याआधी ती कुठे मोडते ते शोधायचं, याचा मला पगार मिळतो. त्यामुळे किटली घरी आणल्यावर मी आधी यादी केली. तुम्हीही कधी मातीची किटली घेतलीत तर उपयोगी पडेल म्हणून ती सांगते.

पहिला आवाज. भाजलेली माती एकसंध असली की एका टकटकीने सगळं भांडं थरथरतं आणि वाजत राहतं. चीर असली की तिच्या दोन कडा एकमेकींवर घासतात आणि थरथर तिथेच मरते. नीट भाजलं गेलेलं नसेल तरी आवाज असाच बद्द येतो. वाजवताना झाकण काढायचं. भांडं तळहातावर मोकळं ठेवायचं, आवळून धरायचं नाही, नाहीतर चांगलं भांडंही बद्द वाजतं.

दुसरा उजेड. रात्री बाथरूमचा दिवा बंद करून मोबाईलचा टॉर्च किटलीच्या तोंडावर धरला आणि बाहेरून चारी बाजूंनी बघितलं. टाचणीएवढं भोक असलं तरी अंधारात चमकतं. आई बाहेरून ओरडली, "काय करतेयस आत अंधारात?" म्हटलं, "किटली बघतेय." ती काही बोलली नाही. आमच्या घरात याहून विचित्र गोष्टींवरही गप्प बसायची सवय आहे.

तिसरे सांधे. चाकावर किटलीचं नुसतं पोट घडतं. कान आणि तोटी वेगळी करून पातळ चिखलाने चिकटवतात. वाळताना माती आकसते. पातळ भाग लवकर वाळतो, जाड भाग उशिरा. दोघांचा वेग जमला नाही तर सांध्यावर ताण येतो. म्हणून कानाच्या दोन्ही टोकांवरून आणि तोटीच्या बुडावरून नख फिरवायचं. केसासारखी रेघ असली तर नखाला कळते.

चौथी तोटी. तिचं टोक किटलीच्या काठाच्या पातळीत किंवा थोडं वर हवं. खाली असेल तर किटली पूर्ण भरताच येत नाही, आधीच तोटीतून वाहायला लागते. झाकणाला एक बारीक भोक हवं, म्हणजे हवा आत जाते आणि चहा अडखळत नाही. चीनमधल्या यीशिंगच्या मातीच्या किटल्या प्रसिद्ध आहेत. त्या पारखणारे लोक ओतता ओतता या भोकावर बोट ठेवतात. धार थांबली तर झाकण चपखल बसलंय. माझ्या किटलीची धार थांबली नाही, बारीक झाली. अडीचशेत ठीक आहे म्हटलं.

पाचवा वास. कोरड्या किटलीत नाक घालायचं. मातीचा वास चालतो. रंगाचा, रॉकेलचा, पॉलिशचा वास आला तर ती कपाटात शोभेला ठेवायची. चकचकीत लेप असेल तर जास्त जपायला हवं, कारण काही लेपांमध्ये शिसं असतं आणि ते गरम किंवा आंबट पदार्थात उतरू शकतं. लेप कशाचा आहे हे विकणाऱ्याला सांगता येत नसेल, तर त्या किटलीतून चहा पिऊ नये. माझी किटली बिनलेपाची होती.

सहावं पाणी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर कोरड्या किटलीचं वजन केलं, ६१२ ग्रॅम. रात्री काठोकाठ भरून वर्तमानपत्रावर ठेवली. सकाळी कागदावर तिच्या बुडाचं पुसट ओलं वर्तुळ उमटलेलं. थेंब नव्हता, पण वर्तुळ होतं. पाणी ओतून, पुसून पुन्हा वजन केलं. ६७४. रात्रीत ६२ ग्रॅम पाणी किटली पिऊन बसली होती.

इथे मी अडकले. याला दोष म्हणायचं का? आपली साधी लाल माती साधारण हजार अंशांच्या आतच भाजतात. तेवढ्या आचेत ती टणक होते, पण छिद्रं उरतात. हॉटेलांतले जाड मग असतात ते बाराशे अंशांच्या पुढे भाजलेले. तिथे मातीतले काही घटक वितळून छिद्रं बुजतात. उलट माठाचं पाणी गार होतं ते या छिद्रांमुळेच. पाणी पाझरून बाहेर येतं आणि त्याची वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते. ज्या माठाला घाम येत नाही तो माठ काय कामाचा? म्हणजे माठाचा जो गुण, तोच किटलीचा दोष. माती तीच, आच तीच. फरक फक्त आपण तिच्याकडून काय मागतो त्याचा.

आजी म्हणायची, मातीच्या भांड्याला आधी पेज पाजावी. भाताच्या पेजेतला स्टार्च छिद्रांत जाऊन बसतो. मी सलग दोन रात्री किटलीत गरम पेज ओतून ठेवली. तिसऱ्या दिवशी पाण्याने भरून ठेवली तर खालचा कागद कोरडा राहिला. बाकी पथ्यं सोपी आहेत. गॅसवर ठेवायची नाही, चहा पातेल्यातच उकळायचा आणि गाळून किटलीत ओतायचा. त्याआधी ती गरम पाण्याने विसळायची, म्हणजे अचानक तडकत नाही. साबण लावायचा नाही, कारण माती साबणही पिते. दुधाचा चहा तिच्यात शिल्लक ठेवायचा नाही.

सहाच्या सहा चाचण्या झाल्या. किटली पास.

* * *

चाचण्या मलाही नव्या नाहीत. पहिल्या फिटनंतर माझा ईईजी काढला. आदल्या रात्री मुद्दाम कमी झोपायला सांगितलं होतं. डोक्याला चिकट पेस्ट लावून वायरी जोडल्या, डोळ्यांसमोर दिवा लखलखवला, तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावला. हे सगळं मेंदूला डिवचण्यासाठी असतं. बिघाड असेल तर तो त्या वेळात दिसावा म्हणून. रिपोर्ट नॉर्मल आला. आईने देवापुढे साखर ठेवली.

डॉक्टर मात्र म्हणाले, रिपोर्ट नॉर्मल असला तरी अपस्मार असू शकतो, हा आलेख फक्त तेवढ्या वेळापुरता असतो. दोन महिन्यांनी मला दुसरी फिट आली. पुढे नोकरीत पहिल्याच आठवड्यात शिकवलं की टेस्टिंग केल्याने चूक आहे हे कळतं, चूक नाहीच हे कधीच कळत नाही. बाकीच्यांनी वहीत लिहून घेतलं. मला ते चौदाव्या वर्षापासून पाठ होतं.

डोकं वाजवून बघायची गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे. तेरच्या गोरोबाकाकांकडे संतमंडळी जमलेली असतात. मुक्ताबाई कोपऱ्यातलं थापटणं बघून विचारते, हे कशाला? गोरोबा सांगतात, याने मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. मग आमचीही मडकी बघा की, असं ती म्हणते. गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत जातात. सगळे निमूट सोसतात. नामदेव तेवढे चिडतात. निकाल लागतो, हे मडकं कच्चं. पुढे नामदेव औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे जातात आणि त्यांना गुरू भेटतो.

ही गोष्ट मी पहिल्या फिटनंतरच्या वर्षी एका कीर्तनात ऐकली आणि कायमची नामदेवांच्या बाजूची झाले. गोष्ट अहंकाराची आहे, हे मला कळतं. पण डोक्यात मारल्यावर "का मारता?" असं विचारणारा कच्चा, आणि गप्प बसणारे पक्के? ते पक्के होते की नुसतेच गप्प होते, हे थापटण्याला कसं कळलं?

शिवाय कुंभाराचं थापटणं मुळात तपासण्यासाठी नसतंच. ते घडवण्यासाठी असतं. मडकं ओलं असताना कुंभार आतून दगडाचा आधार देतो आणि बाहेरून थापटत जातो. तसंच ते पातळ आणि मोठं होत जातं. आतला आधार काढला तर पहिल्या फटक्यातच ते बसेल. स्थळं बघायला येतात तेव्हा थाप तेवढी बाहेरून पडत असते. आतल्या हाताचं काय ते आपलं आपण बघायचं.

* * *

आईचं धोरण एका वाक्याचं आहे. "आधी मुलगी आवडू दे, मग सांगू."

माझं धोरण दोनदा बदललं. पहिल्या मुलाला पहिल्याच भेटीत सांगितलं. तो सभ्यपणे ऐकत राहिला, कॉफीचे पैसे त्यानेच दिले. संध्याकाळी त्याच्या आईचा फोन आला, "पत्रिका जमत नाहीये." पत्रिका आधीच जमलेली होती. दुसऱ्याला आईच्या म्हणण्याप्रमाणे पाचव्या भेटीत सांगितलं. तो म्हणाला, "आजाराचं काही नाही गं. पण तू लपवलंस." मला अजून वाटतं, त्याचं चूक नव्हतं. आणि पहिल्याने पहिल्या भेटीत जे केलं ते बघता माझंही नव्हतं.

आईवर मी खूप चिडायचे. मग तिने एकदा तिच्या मावशीबद्दल सांगितलं. त्यांना सगळे माई म्हणायचे. माईंचं लग्न १९७९ मध्ये झालं. आठ महिन्यांनी सासरी त्यांना फिट आली. कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली, आणि तिसऱ्या फिटनंतर माहेरी आणून सोडलं. कोर्टकचेरी झालीच नाही, तशी गरजच कुणाला वाटली नाही. माई पुढे पस्तीस वर्षं भावाच्या घरात मागच्या खोलीत राहिल्या. पापड, कुरडया, भाचरांची बाळंतपणं. आईला लहानपणी सांगितलेलं असायचं की माईजवळ एकटीने झोपायचं नाही.

मग मी कायदा शोधून वाचला. हिंदू विवाह कायदा १९५५चा. १९७६ च्या दुरुस्तीत लग्नाच्या अटींमध्ये अपस्माराचे वारंवार येणारे झटके वेडेपणाच्या झटक्यांना जोडून, एकाच ओळीत घातले गेले. असे झटके येणाऱ्याचं लग्न जोडीदाराला कोर्टातून रद्द ठरवून घेता येत होतं. १९९९ मध्ये संसदेने त्या ओळीतून अपस्मार हा शब्द काढून टाकला. माझा जन्म १९९६चा. म्हणजे मी जन्मले तेव्हा माझ्यासारखी मुलगी लग्नाला लायक नाही, असं देशाच्या कायद्यात लिहिलेलं होतं. आई जे कुजबुजते ते तिने मनाने काढलेलं नाही, हे मला तेव्हा कळलं. कायद्यातून शब्द काढायला एक दुरुस्ती पुरते. आईच्या डोक्यातून माई कशा काढणार?

* * *

गुरुवारी रात्री किटलीची दुसरी पेज ओतून ठेवली आणि त्याला फोन केला. ना पहिली भेट, ना पाचवी. घरचे येण्याच्या दोन दिवस आधी. मला ती बद्द वाजणारी किटली आठवत होती. तिच्याबद्दल मावशींनी मला आधी सांगितलं होतं, मी पैसे काढण्याच्या आधी.

सगळं सांगून झालं. पलीकडे शांतता. मी मोबाईलच्या घड्याळाकडे बघत होते. मग तो म्हणाला, "बरं. आणि मी समोर असताना आली तर मी काय करायचं?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी सांगितलं. घाबरायचं नाही. मला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ घालायचं, चष्मा काढायचा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवायच्या. हातपाय दाबून धरायचे नाहीत. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालायचं नाही. कांदा नाही, चप्पल नाही. घड्याळ बघायचं. बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत थांबते. पाच मिनिटांच्या वर गेली तर १०८ ला फोन. थांबल्यावर मी थोडा वेळ गोंधळलेली असेन, तेव्हा शेजारी बसून राहायचं.

"थांब, लिहून घेतो," तो म्हणाला. खरंच लिहून घेतलं, कारण कुशी डावी की उजवी असं त्याने परत विचारलं. (कुठलीही चालते. मुद्दा एवढाच की लाळ बाहेर यावी आणि श्वास मोकळा राहावा.) मग औषधांबद्दल विचारलं. मी म्हटलं, योग्य औषधं मिळाली तर सुमारे ७० टक्के लोकांच्या फिट्स थांबू शकतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि सध्या मी त्या सत्तरांत आहे. उद्याचं सांगू शकत नाही.

फोन ठेवण्याआधी तो म्हणाला, "घरी मी सांगतो. जरा वेळ दे."

शनिवारी ते आले. त्याचे आईवडील, बहीण आणि तो. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की वेळ अजून झालेली नाही. पोहे झाले. मी पातेल्यातला चहा गाळून किटलीत भरला आणि बाहेर आणला. त्याच्या आईला किटली फार आवडली. "कुंभारवाड्यातून आणलीस होय? आमच्याकडे होती अशी, नाशिकला." कप भरून झाल्यावर त्यांनी ती उचलली, झाकण काढलं आणि बोट दुमडून वाजवली. रिकामी किटली खणखणीत वाजली.

"छान आहे हो," त्या माझ्या आईला म्हणाल्या. "अगदी पक्की."

आई माझ्याकडे बघत नव्हती. तोही नाही. मी रिकामे कप उचलून आत गेले आणि नळ सोडून नुसती उभी राहिले. मी त्याला सांगितलं होतं, तरी मला फसवल्यासारखं वाटत होतं.

* * *

या गोष्टीला तीन आठवडे झाले. मागच्या सोमवारी किटली धुताना बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. कानाच्या खाली, पोटावर, शेंगदाण्याच्या पाकळीएवढा टवका उडालेला. आत उथळ खळगा आणि खळग्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका. पडली नव्हती, आपटली नव्हती. मी फोटो काढला आणि शनिवारी, म्हणजे काल, पुन्हा मेट्रोने कसब्यात गेले.

मावशींनी फोटो मोठा करून बघितला. "चुना. मातीत खडा राहिला असणार." मग त्यांनी समजावून सांगितलं आणि राहिलेलं मी घरी येऊन वाचलं. मातीत चुनखडीचे बारीक खडे असतात. चाळणीतून एखादा सुटतो. भट्टीत आठ-नऊशे अंशांना त्याचा कळीचा चुना होतो. भांडं भट्टीतून बाहेर येतं तेव्हा धडधाकट असतं आणि खणखणीत वाजतं. पण तो चुना हवेतली, पाण्यातली ओल हळूहळू ओढत राहतो आणि फुगतो. कधी आठवड्याने, कधी महिन्याने वरचा पापुद्रा उडतो. आवाज, उजेड, सांधे, वास, पाणी, सगळं तपासलं तरी त्या दिवशी हा खडा सापडला नसता. तो दिसायला दिवसच जावे लागतात.

"बदलून देऊ?" मावशींनी विचारलं.

"गळत नाहीये पण."

"मग वापर की. खडा होता, फुटला. अजून असेल तर अजून एखादा टवका उडेल. चहाला काय होतंय?"

काल रात्री त्याला विचारलं, घरी कधी सांगणार? तो म्हणाला, सांगणारच आहे, एकदा सुपारी फुटली की. म्हणजे माणसं मागे फिरणार नाहीत. ऐकताना मला आईचाच आवाज ऐकू आला. तो वाईट नाही. घाबरलाय, आणि तो माझ्यासाठी घाबरलाय हेही मला दिसतं. पण गुरुवारी रात्री कुशी डावी की उजवी विचारणारा मुलगा मला हवा होता, माझ्याबरोबर मिळून लपवणारा नाही. पुढच्या रविवारी त्याची आई बोलणी करायला येणार आहे. मी त्याला सांगितलं, "शनिवारपर्यंत तू सांग. नाहीतर रविवारी मी सांगेन. चहा ओतायच्या आधी."

तो म्हणाला, "आणि त्या नाही म्हणाल्या तर?"

माझ्याकडे उत्तर नाही. नाही म्हणू शकतात. मग तिसरं स्थळही गेलं असं आई म्हणेल आणि पुन्हा धोरण बदलायला सांगेल.

किटली तीच काढणार आहे. ओट्यावर ती ठेवताना आई रोज तिचा टवका भिंतीकडे करते, कुणी न सांगता. आज सकाळी मी ती फिरवून ठेवली. आईने बघितलं, दुधाचं पातेलं उतरवलं, आणि किटलीला हात लावला नाही.